पोटरीचं नाव

लांबलचक इंग्रजी शब्द समोर आला, की विमलाबाई घाडी आधी त्याच्याकडे नुसत्या बघत. भाजीवालीने पुढे केलेल्या सुरणाकडे बघावं तशा. कुठून कापला तर हाताला खाज सुटणार नाही, याचा अंदाज घेत. मग उजव्या हाताची बोटं टेबलावर हलकेच वाजू लागत आणि शब्दाचे तुकडे पडत. क्रि-ए-टि-निन. बि-लि-रु-बिन. तुकडे पडले की तो शब्द निमूटपणे तोंडात येई.

ही विद्या त्यांना शाळेने दिली नव्हती. वडील लालबागला गिरणीत होते, शाळा महापालिकेची, मराठी. गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड बोरिवलीला आलं, कुलुपवाडीच्या बाजूला, आणि विमलाबाईंचं लग्नही तिथल्याच एका देवगडकडच्या मुलाशी झालं. बाळ घाडी वायरिंगची कामं करायचा आणि उरलेला सगळा जीव पखवाजात ओतायचा. विमलाबाईंना स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर नोकरी लागली. बाटल्यांवर नावं चिकटवायची, पेशंटला बसवायचं आणि दुपारनंतर डॉक्टरांचे फोन आले की रिपोर्ट वाचून दाखवायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका डॉक्टरला असला एक शब्द एका दमात वाचून दाखवला. मागे लॅबचे मालक उभे होते. ते हसले. माणूस वाईट नव्हता. पण चहाच्या वेळी त्यांनी तो शब्द विमलाबाईंच्या उच्चारात सगळ्यांना म्हणून दाखवला. सगळे हसले. विमलाबाईही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "मी उद्यापासून जाणार नाही."

बाळ पखवाजाला कणीक लावत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शब्द मोठो आसा, इतक्याच ना? मग पखवाजाचो बोल काय बारको असता? आधी तोडूचो, मगे जोडूचो." आणि त्याने तो इंग्रजी शब्द, अर्थ माहीत नसताना, कातड्यावर तोडून वाजवून दाखवला.

तेव्हापासून पुढची सगळी वर्षं विमलाबाई शब्द तोडत राहिल्या. बोरिवलीतले कितीतरी डॉक्टर फोनवर "घाडीबाईंना द्या" असं म्हणायचे. इंग्रजी शब्दातले सगळे तुकडे सारख्या वजनाचे नसतात, एखाद्यावर जोर येतो आणि बाकीचे त्याच्या मागून घसरत जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मराठीत अक्षरं पंगतीला बसतात, सगळ्यांना सारखं वाढलेलं. त्यांनी इंग्रजी शब्दांनाही तशाच पंगतीत बसवलं होतं. पण फोनवर एका वेळी एकच शब्द विचारला जाई आणि एकच दिला जाई, तो स्वच्छ, सुटा. कुणाचं काही अडलं नाही.

मग लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली, रिपोर्ट थेट मोबाइलवर जाऊ लागले आणि विमलाबाई घरी बसल्या. दुपारी घर फार शांत असे. गुरुवारी तेवढं सोसायटीतलं महिला भजनी मंडळ. तिथे पुढे बसून गायच्या त्या रुक्मिणीबाई. विमलाबाईंचा आवाज घोगरा, म्हणून त्या पहिल्यापासून मागच्या रांगेत, हातात टाळ घेऊन. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण रुक्मिणीबाईंनी आलाप घेतला की विमलाबाईंच्या ओठांची हालचाल होई आणि आवाज मात्र आतल्या आत राही, हे बाळला ठाऊक होतं.

प्रांजल त्यांच्याच इमारतीत, दोन मजले खाली राहायची. दहावीच्या वर्षी डोळ्यांच्या मागचा पडदा सुटला, ऑपरेशनं झाली आणि हळूहळू सगळंच दिसायचं बंद झालं. आई श्वेता अंधेरीला एका कुरिअरच्या ऑफिसात. वडील नव्हते. दोन वर्षं पोरगी घरात बसून होती. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिने फिजिओथेरपी सहायकाचा, खास अंध मुलांसाठी चालणारा कोर्स धरला. तिची बोटं तिथे सगळ्यांत हुशार ठरली. कुठल्या स्नायूला कुठे गाठ आहे, हे तिला लगेच समजे. अडायचं ते नावांपाशी.

एका दुपारी ती भिंतीला हात लावत वर आली आणि दारातूनच म्हणाली, "काकू, तू लॅबमध्ये होतीस ना? तुला ते शब्द वाचता येतात का?"

"कसले गं?"

"वाट लावणारे."

विमलाबाईंनी तिला आत घेतलं. तिच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता, कुणा जुन्या मास्तरांच्या अक्षरातल्या नोट्स.

"फोनमधली बाई वाचते ना सगळं?"

"छापलेलं वाचते. हे अक्षर तिला लागत नाही. आणि छापलेलंही अशी वाचते, जसं काही मागे कुत्रं लागलंय."

विमलाबाई हसल्या. चष्मा लावला. पहिला शब्द पोटरीचाच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, बोटं टेबलावर वाजली. गॅस्-ट्रॉक्-नी-मि-अस.

"परत," प्रांजल म्हणाली.

पहिले काही आठवडे फार चांगले गेले. विमलाबाई नाव तोडून सांगत, प्रांजल ते जोडे आणि मग म्हणे, "काकू, पाय दे." त्या खुर्चीला धरून चवड्यांवर उभ्या राहत, प्रांजल खाली बसून त्यांची घट्ट झालेली पोटरी चाचपे. "हा गॅस्ट्रॉक्नीमिअस. आणि याच्या खाली, आत, हा सोलिअस. काकू, तुझी पोटरी किती कडक आहे गं, तू काय डोंगर चढतेस?" "तीन मजले चढते. लिफ्ट कधी चालू असते?" असं चाले. मग विमलाबाई मधूनच स्वतःच्या दंडावर, मानेवर, मांडीवर तिचा हात ठेवत आणि विचारत, "हा?" आणि प्रांजल सांगे. कधी चुके. बहुतेकदा बरोबर असे.

अडलं ते मांडीच्या मागच्या बाजूला. तिथे शेजारी शेजारी दोन स्नायू, दोघांची नावं जुळ्या बहिणींसारखी. सेमीटेंडिनोसस आणि सेमीमेंब्रेनोसस. प्रांजलच्या बोटांना दोघी वेगळ्या कळत, पण जिभेवर आल्या की एकमेकींच्या जागेवर जाऊन बसत. एका दुपारी पुन्हा पुन्हा तेच झालं आणि ती एकदम रडायलाच लागली. "मला नाही जमणार हे. बस झालं. मी अशीच घरी बसते."

विमलाबाई घाबरल्या. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी कपाटावरचे टाळ काढले आणि भजनी ठेक्यात सुरुवात केली. से-मी-टेन्-डि-नो-सस, टाळ, टाळ. से-मी-मेम्-ब्रे-नो-सस, टाळ, टाळ. दोन्ही नावं आठ-आठ मात्रांत अशी बसली, जशी त्यासाठीच केली होती. त्यांच्या घोगऱ्या आवाजात ती ओळ गावच्या देवळातल्या भजनासारखी वाटली.

प्रांजल रडता रडता थांबली. मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "परत, काकू, परत. झकास आहे हे."

ते हसू विमलाबाईंच्या कानांत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंबरेपासून सुरुवात केली. ग्लूटिअस मॅक्सिमस, ग्लूटिअस मीडिअस, मग मांडी, मग त्या जुळ्या बहिणी, मग पोटरी, शेवटी घोटा. कंबरेपासून टाचेपर्यंत एक अख्खं भजन झालं. एखादं नाव मात्रांत बसत नसलं तर त्या एखादं अक्षर ओढून घेत, एखादं दाबत. सम जिथे पडेल तिथे जोर. पोटरीच्या शब्दात तो 'गॅस्'वर पडे, आणि मग प्रांजलही तिथेच जोर देई. पायानंतर हात झाला, मग पाठ. आठ दिवसांत तिला सगळं तोंडपाठ झालं, आणि विमलाबाईंना वाटलं की आपल्याला उशिरा का होईना काहीतरी सापडलं.

गुरुवारी त्यांनी प्रांजलला मंडळात नेलं. सहज. दोघींनी पायाचं भजन म्हणून दाखवलं. बायका आधी गोंधळल्या, मग टाळ्या द्यायला लागल्या. रुक्मिणीबाई डोळे पुसत हसत होत्या. "अगं विमल, इतकी वर्षं मागे बसून काय करत होतीस? माघी गणपतीला हेच म्हणायचं. आणि तू पुढे बसायचं."

सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांनी मोबाइलवर तुकडा काढून ग्रुपवर टाकला. खाली अंगठे आणि जोडलेले हात. लिफ्टपाशी कुणीही भेटलं तरी "घाडीकाकू, ऐकलं हं," म्हणे. विमलाबाईंनी रुक्मिणीबाईंकडून पेटीवाली मागून घेतली, कुणी कुठलं कडवं म्हणायचं ते ठरवलं, पाठीच्या भागाला वेगळी चाल लावली.

बाळ कोपऱ्यात बसून हे बघत होता. एका संध्याकाळी तो म्हणाला, "अगो, एक इचारू? तां चेडू परीक्षेक बसतलां की भजनाच्या डबलबारीक?"

"तुमका काय कळता त्यातलां?" विमलाबाई तुटकपणे म्हणाल्या.

"माका नाय कळणा. पण जोडलंस तां पुन्हा तोडूक येता काय तिका, तां एकदा बघ."

प्रांजलही तेच म्हणू लागली होती, तिच्या पद्धतीने. "काकू, परीक्षेत असं सलग नाही विचारत. ते मधलंच एखादं विचारतात. हात लावायला सांगतात आणि म्हणतात, सांग. तू मला आधीसारखं सुटं सुटं विचार ना."

"चाल एकदा पक्की बसू दे गं. चाल बसली की शब्द कुठे जातात?"

"असं?"

"असंच असतं."

लॅबमधल्या इतक्या वर्षांत त्यांनी कधी दोन शब्द एकमेकांना बांधले नव्हते. तिथे शब्द सुटे होते, म्हणूनच हवा तो हवा तेव्हा देता येत होता. हे तेव्हा त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पुढे त्यांना याचं फार नवल वाटे, की ज्या गोष्टीवर आपलं पोट चाललं तीच आपण कशी विसरलो. पण तेव्हा त्यांच्या कानांत टाळ्या होत्या.

माघी गणपती आणि प्रांजलची तोंडी परीक्षा एकाच आठवड्यात आली. त्याच्या आधीच्या रविवारी प्रांजल सकाळी लवकर वर आली. अंघोळ करून, केस घट्ट बांधून, लढाईला निघाल्यासारखी.

"काकू, आज दिवसभर फक्त सुटे शब्द. तू कुठेही हात ठेव, मी सांगते. चुकले की चापट मार."

"हो गं. थोडं थांब, मंडळाच्या बायका येतायत. तासाभराची तालीम, मग आपण दोघीच."

बायका आल्या. पेटी आली. तालीम सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला कुणाचा आवाज लागेना, म्हणून विमलाबाई म्हणाल्या, "प्रांजल, तू घे गं हे." ती बसली. कुणीतरी कांदेपोहे केले. कुणाच्या तरी चुका झाल्या म्हणून पुन्हा कंबरेपासून सुरुवात झाली. चहा झाला. पुन्हा कंबरेपासून. दुपार टळून गेली तेव्हा श्वेताने खालून हाक मारली, कारण संध्याकाळी त्यांना मामाकडे जायचं होतं.

प्रांजल उठली. दारात चप्पल पायाने शोधताना म्हणाली, "काकू, उद्या तरी विचारशील?"

"विचारीन की. जाशील कुठे?"

सोमवारी मखराचं काम निघालं. मंगळवारी विमलाबाईंचा घसा बसला आणि त्या गरम पाण्याच्या गुळण्या करत राहिल्या, कारण पुढे बसायचं होतं. बुधवारी भजन झालं. फार छान झालं. शुक्रवारी तोंडी परीक्षा होती.

श्वेताला रजा मिळाली नाही, म्हणून विमलाबाईच सोबत गेल्या. परीक्षेचं केंद्र मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या दगडी इमारतीत होतं. व्हरांड्यात बाकं, बाकांवर मुलं आणि त्यांच्या आया. परीक्षेच्या खोलीचं दार उघडंच होतं, फक्त पडदा सोडलेला. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

प्रांजलचं नाव पुकारलं गेलं. आत एक मुलगा टेबलावर पालथा झोपला होता, हे विमलाबाईंना पडद्याच्या फटीतून दिसलं. परीक्षक एक बाई होत्या, मध्यम वयाच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी प्रांजलचा हात धरून मुलाच्या पायावर ठेवला.

"बेटा, तुझ्या बोटाखाली काय आहे ते सांग."

प्रांजलने चाचपलं. तिने मुलाला पाऊल खाली दाबायला सांगितलं, हे विमलाबाईंनी ऐकलं. म्हणजे तिला कळलं होतं. कुठे हात आहे, तो स्नायू काय काम करतो, सगळं कळलं होतं.

"हे टाच वर उचलतं. गुडघ्याच्या मागून सुरू होतं, वरच्या टोकाला दोन डोकी आहेत."

"बरोबर. नाव?"

मग अगदी हळू, नाकातून, गुणगुणल्यासारखा आवाज. ठेक्यात.

विमलाबाईंनी तो ओळखला. ती कंबरेपासून येत होती.

"बेटा, पुटपुटू नकोस. नाव सांग."

आवाज थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, अजून हळू.

"थांब, थांब. सगळा पाय नकोय मला. हा एवढाच. हा एकच."

सांग ना गं, विमलाबाई मनात म्हणाल्या. हा काय, हा तर. आणि त्यांना कळलं की त्यांनाही ते येत नाहीये. ज्या शब्दापासून त्यांनी सुरुवात केली होती, जो त्यांनी त्या पहिल्या दुपारी तोडला होता, तो आता सुटा हाताला लागत नव्हता. त्याच्यापर्यंत जायचं तर कंबरेवरून जावं लागत होतं. त्यांची बोटं बाकाच्या लाकडावर आपोआप वाजू लागली. ग्लूटिअस मॅक्सिमस. ग्लूटिअस मीडिअस. मांडी. जुळ्या बहिणी, टाळ, टाळ. त्या पोटरीपाशी पोचल्या तेव्हा आत परीक्षक बाई प्रांजलचा हात त्या मुलाच्या खांद्यावर ठेवून दुसराच प्रश्न विचारत होत्या.

खांद्याचंही तसंच झालं. पाठीला प्रांजलने एक नाव सांगितलं, पण घाईघाईत, ओढलेल्या अक्षरांसकट, आणि परीक्षक बाईंना ते समजेना. "काय म्हणालीस? पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं, त्याच जागी जोर देऊन. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझ्या हातांना सगळं कळतंय. पण उद्या डॉक्टर तुला नाव घेऊन सांगणार, त्याचं काय करशील? सहा महिन्यांनी पुन्हा ये."

परत येताना बोरिवली स्टेशनपासून त्यांनी रिक्षा केली. प्रांजल बाहेरच्या बाजूला तोंड करून बसली होती. वाऱ्याने तिचे केस सुटले होते आणि ती ते बांधत नव्हती.

"प्रांजल," विमलाबाई म्हणाल्या.

"सोड ना काकू."

रागावली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर विमलाबाई एक विलक्षण खटाटोप करू लागल्या. स्वयंपाक करताना त्या एकदम स्वतःच्या दंडावर हात ठेवत आणि नाव आठवायचा प्रयत्न करत. कपडे वाळत घालताना मानेवर. जिन्यात पोटरीवर. प्रत्येक वेळी आधी चाल येई आणि त्यांना हात सोडून उभं राहावं लागे, ती संपेपर्यंत. मंडळातून निरोप आला, तर त्यांनी पाय दुखतोय म्हणून सांगितलं. बाळने विचारलं, "खयचो पाय?" त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या, आणि मग त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

पंधरवड्याने त्यांना वाटलं, आता जमतंय. चाल येते, पण मागून येते. शब्द थोडा आधी येतो. त्या घाईने खाली गेल्या. दार उघडंच होतं. प्रांजल जमिनीवर पाय पसरून बसली होती, समोर फोन.

"कोण? काकू?"

"अगं, मी म्हटलं, आता आपण सुटं सुटं करू. मी सगळं ठरवून आलेय. मी मधूनच कुठलंही विचारणार."

"अगं, सम्यकने सगळ्या नोट्स टाइप करून दिल्या." सम्यक तिच्या वर्गातला, त्याला एका डोळ्याने थोडं दिसायचं. "आता फोनच विचारतो. उलटसुलट. ऐक."

तिने फोनवर बोट टेकवलं. फोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली, थंड, सपाट आवाजात. प्रांजलने स्वतःच्या पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गॅस्ट्रॉक्नीमिअस."

विमलाबाईंना क्षणभर कळलंच नाही की हा त्यांचाच शब्द आहे. सगळा भार 'नी'वर होता. पुढचं मागचं सगळं घाईघाईने, कुजबुजल्यासारखं. पंगत उठून गेली होती.

"असं म्हणतात होय?"

"हो. त्या 'नी'वर चढायचं, बाकीचं खाऊन टाकायचं. आणि तो 'क' आधीच्या तुकड्यात जातो, म्हणून मग 'नी' मोकळा होतो. फोनमधली बाई हळू केली ना, की नीट कळतं. मीच कधी हळू केली नव्हती." ती थोडी हसली. "आळस."

"मग मी विचारू का? म्हणजे फोनऐवजी. माणसाने विचारलं की—"

प्रांजलने पाय जवळ घेतले. तिला सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं. मग तिने सांगितलं.

"नको गं काकू. राग मानू नकोस. तुझा आवाज ऐकला ना, की चाल सुरू होते. मी मग थांबवूच शकत नाही."

"बरं," विमलाबाई म्हणाल्या. लगेच त्यांना वाटलं, हेही बोलायला नको होतं.

त्या वर गेल्या. पुढचे महिने त्यांनी एक गोष्ट कुणाला न सांगता पाळली. प्रांजल जिन्यात दिसली, की त्या बोलत नसत. हातावर हलकेच हात ठेवत आणि पुढे जात. प्रांजलला त्यांचा हात ओळखू यायचा. तीही थोडं थांबे, हात दाबे आणि मग भिंतीच्या आधाराने उतरून जाई. श्वेताला वाटलं, काकू रागावल्यात. एकदा ती विचारायलाही आली, तेव्हा विमलाबाईंनी तिला कोकम सरबत दिलं आणि गावच्या आंब्यांबद्दल बोलत राहिल्या.

दुसऱ्यांदा परीक्षेला प्रांजल सम्यकबरोबर गेली. त्या दिवशी विमलाबाईंनी सकाळपासून पीठ चाळलं, डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. संध्याकाळी दारावर थाप पडली.

प्रांजल एकटीच होती. हातात पेढ्यांचा पुडा.

"झाले पास."

विमलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. तिला आत आणून खुर्चीवर बसवलं. पेढा घेतला, तिला भरवला. बाळने आतून येऊन पाठीवर थाप मारली, "शाब्बास गो," म्हणाला आणि पुन्हा आत गेला. प्रांजल सांगत होती, कांदिवलीच्या एका क्लिनिकने कामाला विचारलंय, एक तारखेपासून लागायचंय, सम्यकही तिथेच येणार आहे, तिथली रिसेप्शनिस्ट फार फटकळ आहे. सांगता सांगता ती थांबली.

"काकू, तू काहीच का बोलत नाहीयेस?"

विमलाबाईंनी पेढ्याचा कागद घडी करून ठेवला.

"आता परीक्षा झाली गं," प्रांजल म्हणाली. "आता बोललीस तर चालेल."

तरीही त्यांना थोडा वेळ लागला. किती महिन्यांनी त्या तिच्याशी बोलणार होत्या. आवाज लागला तेव्हा तो नेहमीसारखाच घोगरा होता, फक्त फार खाली आलेला.

"त्या रविवारी मी तुला विचारायला हवं होतं."

खाली कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं. प्रांजल त्या दिशेला कान देऊन होती, की नव्हती, कळत नव्हतं. विमलाबाई वाट बघत होत्या. ती 'सोड ना' म्हणेल, असं त्यांना वाटत होतं आणि नकोही होतं.

"हो," प्रांजल म्हणाली. "विचारायला हवं होतंस."

मग तिने हात पुढे करून पुडा चाचपला, एक पेढा उचलला आणि अर्धा तोडून त्यांच्या हातात दिला. दोघी खात राहिल्या. श्वेताची हाक येईपर्यंत ती बसून होती.